साप्पोरोतला पहिला हिवाळा: आधी चालायला शिका, मग घसरायला

साप्पोरोत उतरल्यावर पहिल्या दिवशी स्की नको, रोपवे नको, काही नको. पहिला दिवस नुसता चालण्यासाठी ठेवा. इतक्या वर्षांत माझ्याकडे आलेल्या पाहुण्यांपैकी जे जे आपटले, ते डोंगरावर नाही आपटले. हॉटेलच्या दारात, नाहीतर सिग्नलला रस्ता ओलांडताना आपटले. आणि एकदा मनगट दुखावलं की पुढची सगळी सहल खिडकीतून बघायची वेळ येते. म्हणून घरी आलेल्यांना मी ज्या क्रमाने बर्फात नेते, त्याच क्रमाने हे लिहिते आहे.

आधी शहराविषयी थोडं. होक्काइदो हे जपानचं उत्तरेकडचं मोठं बेट, आणि साप्पोरो ही त्याची राजधानी. वस्ती एकोणीस लाखांच्या वर. एवढ्या मोठ्या शहरात दर हिवाळ्यात सगळा मिळून साधारण पाच मीटर बर्फ पडतो. त्याचं कारण आपल्याला पटकन कळतं, कारण आपण सह्याद्रीच्या सावलीत वाढलो आहोत. पावसाळी वारे अरबी समुद्रावरून ओल घेऊन येतात आणि डोंगराला अडून कोकणात रिते होतात, तसंच इथे होतं. वारा सैबेरियाचा, गारठलेला आणि कोरडा. जपानच्या समुद्रावरून येताना तो बाष्प उचलतो आणि होक्काइदोच्या पश्चिम अंगाला बर्फ होऊन उतरतो. जानेवारीत भर दुपारीही पारा शून्याच्या आसपास असतो, पहाटे उणे सहा-सात. आकडा ऐकून छातीत धडकी भरते, पण वारा पडलेला असेल तर ही थंडी अंगाला सोसते. भीती बाळगायची ती पायाखालच्या जमिनीची.

चालणं

ताजा भुरभुरीत बर्फ घसरत नाही. पाऊल ठेवलं की तो करकर वाजतो आणि बुटाला धरून ठेवतो. घात करतो तो दाबून दाबून काचेसारखा झालेला बर्फ. तो चौकात सापडतो, कारण तिथे गाड्यांची चाकं थांबून फिरतात. पार्किंगच्या तोंडाशी आणि बसथांब्यावरही सापडतो. पूर्वी इथे गाड्यांना खिळ्यांचे टायर असायचे. त्यांनी रस्ता खरवडला जाऊन धूळ उडायची, म्हणून १९९०च्या दशकात त्यांच्यावर बंदी आली. हवा सुधारली, पण बिनखिळ्यांचे टायर बर्फाला पॉलिश करतात. त्या गुळगुळीत रस्त्याला इथले लोक ‘त्सुरु-त्सुरु’ म्हणतात. दिवसा थोडं वितळून रात्री पुन्हा गोठलं की सकाळ सर्वांत धोक्याची. झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे तर टाळाच; दोन पट्ट्यांच्या मधल्या काळ्या भागावर पाय ठेवा.

चालायची पद्धत पेंग्विनची. पावलं छोटी, पायांत थोडं अंतर, गुडघे सैल, वजन किंचित पुढे, आणि टाच आधी न टेकवता पूर्ण तळवा एकदम टेकवायचा. हात खिशात घालायचे नाहीत. सामान हातात न धरता पाठीवर घ्यायचं. आणि हिरवा सिग्नल लुकलुकायला लागला म्हणून धावायचं नाही. पुढचा सिग्नल दीड-दोन मिनिटांत येतोच.

चौकांत कोपऱ्यावर एक पेटी दिसेल. तिच्यात बारीक खडीच्या पिशव्या असतात. त्या महापालिकेने कोणीही घ्याव्यात म्हणूनच ठेवलेल्या आहेत. एका सकाळी आमच्या चौकात एक आजी थांबल्या, पेटीतून पिशवी काढली, कोपरा फाडला आणि आपण अंगणात रांगोळीचा सडा टाकावा तशी ती खडी क्रॉसिंगवर पसरत त्या पलीकडे गेल्या. त्यांच्या मागून शाळेची मुलं त्याच वाटेने चालत गेली. तुम्हालाही घसरडं वाटलं तर संकोच न करता पिशवी घ्या.

बुटांबद्दल एक गोष्ट मनापासून सांगते. माझा आतेभाऊ हरिश्चंद्रगड, राजगड, रतनगड पालथे घातलेला माणूस. तो त्याचे ट्रेकिंगचे बूट घालून आला आणि दुसऱ्या दिवशी दुकानाच्या दारातच कमरेवर पडला. आपल्या कातळावर घट्ट धरणारा तळवा थंडीत कडक होतो आणि बर्फावर प्लास्टिकसारखा सरकतो. इथल्या दुकानांत हिवाळी तळव्याचे बूट मिळतात. ते पहिल्याच दिवशी घ्या. तेवढा खर्च नको असेल तर बुटावर चढवायचे रबरी पट्ट्यांचे खिळे घ्या. मात्र दुकानात किंवा स्टेशनात शिरताना ते काढावे लागतात, कारण फरशीवर तेच घसरतात.

आणि अधूनमधून वरही बघा. छपरावरून बर्फाची लादी किंवा लांबलचक सुळका सुटून पडतो. भिंतीला चिकटून चालू नका.

कपडे: थंडीपेक्षा घाम वाईट

आपल्याकडचे लोक बहुधा एकच चूक करतात: एक प्रचंड जाड जॅकेट, आणि आत सुती बनियन. बाहेर उणे पाच आणि दुकानात, मेट्रोत, घरात भरपूर हीटर. दहा मिनिटांत घाम येतो, सुती कपडा तो धरून ठेवतो, आणि पुन्हा बाहेर पडलं की तोच ओला कपडा अंगातली ऊब ओढून घेतो. म्हणून थर हवेत. अंगालगत लोकरीचं किंवा कृत्रिम धाग्याचं थर्मल, त्यावर फ्लीस किंवा आजीने विणलेला स्वेटर, आणि सर्वांत वर वारा व पाणी अडवणारं टोपीचं जॅकेट. आत शिरलात की लगेच चेन उघडा.

छत्री लागत नाही. इथला बर्फ कोरडा असतो. तो दारातच झटकायचा, आत गेल्यावर वितळायच्या आधी. हातमोजे पाणी न शिरणारे घ्या, आणि मुलांसाठी दोन जोड ठेवा. मोज्यांवर मोजे चढवू नका. बूट घट्ट झाला की रक्त फिरत नाही आणि बोटं जास्त गारठतात. ‘काइरो’ नावाच्या उबेच्या पुड्या प्रत्येक दुकानात मिळतात. त्या कपड्यावरून लावायच्या, कातडीला थेट कधीच नाही. कळत नकळत भाजतं. झोपताना तर काढूनच ठेवा.

त्वचेसाठी खोबरेल तेल आणलंत तर बाटली दगडासारखी होईल. पेट्रोलियम जेली बरी, ओठांनाही चालते. फोन आतल्या खिशात ठेवा, नाहीतर अर्धी बॅटरी फोटो काढायच्या आधीच उतरते.

शहरातले पहिले दोन दिवस

विमानतळ न्यू चितोसे. तिथून जेआरची (जपान रेल्वेची) गाडी चाळीसएक मिनिटांत साप्पोरो स्टेशनला आणते. स्टेशनपासून शहराच्या मधल्या ओदोरी बागेपर्यंत जमिनीखालून रुंद पायवाट आहे, तिला ‘चि-का-हो’ म्हणतात, आणि तिथून पुढे भुयारी बाजारातून सुसुकिनो या खाण्यापिण्याच्या, रात्री जागणाऱ्या भागापर्यंत जाता येतं. बाहेर वादळ असलं तरी शहराचा मध्य असा कोरड्या पायांनी पार होतो. वयस्कर आईवडील बरोबर असतील तर मुक्काम या पट्ट्यातच घ्या.

मेट्रोच्या तीन लाइन आहेत. नांबोकू लाइन १९७१च्या डिसेंबरमध्ये, हिवाळी ऑलिम्पिकच्या तोंडावर सुरू झाली. ती रबरी टायरांवर चालते, आणि दक्षिणेकडे जमिनीवर येते तिथे बर्फ लागू नये म्हणून अख्खा मार्ग नळीसारख्या छताखाली घातला आहे. शनिवार-रविवारी दिवसभराचा स्वस्त पास मिळतो, ‘दोनिचिका’ म्हणून मागा.

ट्रामचा फेरा मात्र मुद्दाम घ्या. पहाटे जाग आली तर रुळांवरचा बर्फ झाडणारी गाडी दिसेल: पुढे बांबूच्या काड्यांचे गोल फिरणारे झाडू, आणि दोन्ही बाजूंना उडणारा पांढरा फवारा. तिला ‘सासारा’ म्हणतात. जवळपास शंभर वर्षं हे शहर आपले रूळ असेच झाडत आलं आहे. मला या शहराचा अभिमान वाटतो तो अशा गोष्टींमुळे. बर्फाशी भांडण नाही, रोज सकाळी उठून झाडलोट.

याच ट्रामने ‘रोपवे इरिगुची’ थांब्यावर उतरून मोइवा डोंगरावर जा. उंची ५३१ मीटर, रोपवे आणि वर छोटी केबलगाडी. डिसेंबरात चारच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून साडेतीनला वर पोहोचा. बर्फाने पांढरं झालेलं शहर आधी निळं होतं, मग एकेक दिवा लागतो. वर वारा जोरात असतो, कानटोपी विसरू नका.

मारुयामा भागात होक्काइदो मंदिर आहे, झाडीत आणि शांत. तिथून बसने ओकुरायामाला गेलात तर स्की-जंपचा उतार बघता येतो. लिफ्टने वर जाऊन खाली बघितलं की पोटात गोळा येतो. तिथून माणसं खरंच उडी मारतात. १९७२च्या साप्पोरो ऑलिम्पिकची मोठी उडी इथे झाली आणि पोलंडच्या फोर्तुनाने सुवर्ण घेतलं. पण इथल्या जुन्या लोकांना आठवते ती शेजारच्या मियानोमोरी उतारावरची छोटी उडी. तिथे कासाया, कोन्नो आणि आओची या तिघा जपान्यांनी सुवर्ण, रौप्य आणि कांस्य अशी तिन्ही पदकं नेली. हिवाळी ऑलिम्पिकमधलं जपानचं ते पहिलं सुवर्णपदक. ओकुरायामाच्या पायथ्याशी ऑलिम्पिक संग्रहालय आहे, मुलं तिथे तासभर सहज रमतात.

बर्फाचा उत्सव

‘यूकी मात्सुरी’ फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात, आठवडाभर असतो. १९५० साली शाळकरी मुलांनी ओदोरी बागेत सहा बर्फाचे पुतळे केले, तिथून हे सुरू झालं. पुढे जपानचं स्वसंरक्षण दल मोठे पुतळे उभारायला मदत करू लागलं, आणि आज दीड किलोमीटर लांबीच्या त्या बागेत इमारतीएवढी शिल्पं उभी राहतात.

तारखा आधी बघून हॉटेल कित्येक महिने आधी घ्या. या आठवड्यात दर चढतात आणि खोल्या उरत नाहीत. ओदोरीला दोनदा जा: एकदा सकाळी लवकर, गर्दी नसताना, कोरीवकाम जवळून बघायला, आणि एकदा अंधार पडल्यावर, दिव्यांसाठी. संध्याकाळी गर्दीने वाट दाबून दाबून निसरडी होते, तेव्हा वयस्करांना सकाळचीच वेळ बरी. सुसुकिनोत बर्फाच्या नाही, पारदर्शक हिमशिळांच्या मूर्ती असतात. त्यांना अर्धा तास पुरतो. लहान मुलं असतील तर तिसरी जागा, त्सुदोमे, हीच खरी. तोहो लाइनच्या साकाएमाची या शेवटच्या स्टेशनाजवळ. तिथे बर्फाच्या घसरगुंड्या आहेत, आणि आत मोठा बंदिस्त हॉल आहे, त्यात ऊब घेता येते, डबा खाता येतो.

पहिली घसरण

स्कीच्या आधी सोरी, म्हणजे बसून घसरायची प्लास्टिकची गाडी. सहा वर्षांच्या पोरापासून साठीच्या काकांपर्यंत सगळ्यांना जमते, आणि बर्फ अंगावर उडाला तरी काही होत नाही हे शरीराला कळतं.

माझी आवडती जागा मोएरेनुमा. पूर्वी तिथे शहराचा कचरा टाकत. शिल्पकार इसामू नोगुची यांनी १९८८ मध्ये त्या सबंध जागेचा आराखडा एका शिल्पासारखा केला. त्याच वर्षाअखेर ते गेले, आणि बाग २००५ मध्ये पूर्ण झाली. तिथला ६२ मीटरचा डोंगर माणसाने रचलेला आहे. हिवाळ्यात सगळं पांढरं होतं आणि नुसते आकार उरतात. सोरी भाड्याने मिळते, आणि ‘अरुकू स्की’ म्हणजे सपाटीवर चालायची स्कीसुद्धा. ही चालायची स्की नवख्यांनी जरूर करावी. वेग नाही, भीती नाही, आणि तासाभरात तोल म्हणजे काय ते पायांना समजतं. शहराच्या मधोमध नाकाजिमा बागेतही तिचा मार्ग आखलेला असतो.

अख्खा दिवस घालवायचा असेल तर ताकिनो सुझुरान बाग, माकोमानाई स्टेशनवरून बसने. तिथे हवेच्या ट्यूबवर बसून घसरायचा लांब उतार आहे.

सोरीवर पाय पुढे, पाठ थोडी मागे. थांबायचं असेल तर दोन्ही टाचा बर्फात रोवा. खाली पोहोचलात की लगेच बाजूला व्हा, मागून दुसरा येतो आहे. परत चढताना घसरण्याच्या पट्ट्यातून नाही, कडेने. जीन्स मात्र नको. ती ओली होते, मग गोठते, मग मुलं रडतात.

आता स्की

साप्पोरोची खरी श्रीमंती ही की स्कीसाठी शहर सोडावं लागत नाही. बांकेई हे स्कीचं मैदान मारुयामा कोएन स्टेशनवरून बसने वीसेक मिनिटांवर आहे, संध्याकाळीही दिव्यांत चालू असतं. तेइने मोठं, १९७२च्या ऑलिम्पिकच्या उतारावरच्या काही शर्यती इथे झाल्या. त्याच्या खालच्या ओलिंपिया भागात नवख्यांचे उतार आहेत, आणि वरून इशिकारीचा समुद्र दिसतो. निसेको या प्रसिद्ध स्की-गावाचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं, पण ते अडीच तासांवर आहे आणि महाग आहे. पहिल्यांदा उभं राहायला शिकायचं असेल तर निसेकोला जाण्यात अर्थ नाही.

शिक्षक घ्याच. दोन तासांचा वर्ग आधी नोंदवा, इंग्रजीत हवा असेल तर तसं कळवा. मित्राने शिकवलेली स्की म्हणजे संध्याकाळी भांडण. सामान आणि कपडे सगळं भाड्याने मिळतं, हेल्मेटही घ्या. स्कीच्या बुटात एकच पातळ लांब मोजा, थर्मलची पायपट्टी बुटात न घालता बाहेर. तिची एक चुणी जरी नडगीवर आली तरी तासाभरात पाय ठणकतो.

वर्गात पहिली गोष्ट शिकवतात थांबायची. जपानी शिक्षक ‘हा-नो-जी’ म्हणतात: ‘हा’ या त्यांच्या अक्षरासारखी, पुढची टोकं जवळ आणि मागची लांब. टाचा बाहेर ढकलल्या की वेग मरतो. एवढं एक पक्कं झालं की बाकी सगळं येतं. पडायची वेळ आली तर मागे न बसता कुशीवर पडा. उठताना दोन्ही स्की उताराला आडव्या करा, नाहीतर उठता उठता घसरणं सुरू होतं.

स्कीच्या हद्दीला बांधलेल्या दोरीच्या पलीकडे जाऊ नका. तिथला न तुडवलेला बर्फ फार मोहात पाडतो. पण झाडांच्या बुंध्याभोवती मऊ बर्फाचे खोल खड्डे असतात. वरून काहीच दिसत नाही, माणूस डोक्यावर पडला तर स्वतःहून बाहेर येऊ शकत नाही. शिवाय हिमकडे सुटतात. हे मी कळकळीने सांगते आहे. विमा काढताना त्यात स्की धरली आहे का तेही वाचून घ्या. रुग्णवाहिकेचा क्रमांक ११९.

पोटाचं

सूप करी हे साप्पोरोचं स्वतःचं जेवण: पातळ, मसालेदार रस्सा, त्यात मोठाल्या भाज्या, बाजूला भात. थंडीतून आल्यावर पहिल्या घोटाला घरची आठवण होते. पण शाकाहारी मंडळींनी नुसतं ‘भाज्यांची’ म्हणून मागवू नये, रस्सा बहुधा कोंबडीच्या किंवा डुकराच्या हाडांचा असतो. ‘निकु मो साकाना मो ताबेमासेन’, म्हणजे मांस आणि मासे दोन्ही खात नाही, हे वाक्य कागदावर जपानीत लिहून ठेवा आणि ‘दाशी’विषयी वेगळं विचारा, कारण त्यात सुकवलेला मासा असतो. भाजलेल्या बटाट्यावर लोण्याचा गोळा, ‘जागा-बाता’, हा उत्सवात उभ्याने खायचा प्रकार बिनधास्त चालतो. बरोबर मेथीचे ठेपले आणि शेंगदाण्याची चटणी असली तर डोंगरावर तुमच्याइतकं सुखी कोणी नाही. मिसो रामेन इथलीच, मांसाहार करणाऱ्यांनी चुकवू नये.

शहराबाहेर, दमलेल्या पायांसाठी

स्कीच्या दुसऱ्या दिवशी मांड्या बोलायला लागतात. तो दिवस जोझानकेईचा. बसने तासभर, डोंगरात गरम झऱ्यांचं गाव. उघड्यावरच्या कुंडात गळ्यापर्यंत गरम पाणी आणि डोक्यावर पडणारा बर्फ. आधी बाहेर बसून साबणाने स्वच्छ अंघोळ, मग कुंडात, आणि तिथे कपडे चालत नाहीत. बायका-पुरुषांची कुंडं वेगळी असतात. संकोच पहिल्या पाच मिनिटांचा. छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, डोक्यावर घडी करून ठेवायचा. गोंदण असेल तर आधी विचारून घ्या, किंवा खासगी कुंड घ्या.

ओतारू हे बंदराचं गाव रेल्वेने अर्धा-पाऊण तास. जाताना उजव्या बाजूला बसा, झेनिबाको स्टेशननंतर रूळ समुद्राला खेटून जातात आणि बर्फ थेट लाटांवर पडताना दिसतो. फेब्रुवारीत तिथल्या १९२३च्या कालव्यात कोळ्यांच्या जुन्या काचेच्या तरंगत्या गोळ्यांत मेणबत्त्या लावतात. तिथे गडबडीने फोटो काढून निघू नका. एक फेरी नुसती बघत मारा.

परतीचा दिवस

गाडी भाड्याने घेण्याचा विचार असेल तर पहिल्या हिवाळ्यात नकोच. काळा दिसणारा ओला रस्ता हा बऱ्याचदा रस्ता नसतो, बर्फाचा पातळ थर असतो.

आणि परतीचं आंतरराष्ट्रीय विमान टोकियोहून असेल तर साप्पोरोहून आदल्या दिवशी निघा. फेब्रुवारी २०२२ मध्ये इथे २४ तासांत ६० सेंटिमीटर बर्फ पडला आणि शहराच्या रेल्वेगाड्या कित्येक दिवस कोलमडल्या. अशा वेळी विमानतळाची गाडीही अडते. सकाळी उठल्यावर आधी गाड्यांची स्थिती बघा, मग चहा ठेवा. आदल्या रात्री बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवायचे, सकाळपर्यंत ओल शोषली जाते. ओले बूट बॅगेत भरले तर मुंबईत बॅग उघडल्यावर कळेल.